मावशीचे बारा आठवडे

मलकापूर, २२ जून २०२५

चि. मधुवंतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असे वाटेल. आमच्याकडे फोनवरचे बोलणे चौघे ऐकतात, आणि जे अप्पांना, प्रत्यक्ष नवऱ्यालाही सांगितले नाही ते तुला सांगायचे आहे.

मंगळवारी नववीला प्रमेय शिकवताना खडूच्या धुळीने शिंक आली आणि लघवी सुटली. साडी भिजली. मी खुर्चीत बसले, पाण्याची बाटली मुद्दाम मांडीवर उपडी केली आणि मुलींबरोबर स्वतःच्या वेंधळेपणाला हसले. वर्षभर हे चालले आहे. शाळेत पाणी पिणे सोडले, तर शिपाई धोंडुबाईने विचारलेच, की बाईंना रोजच उपास हाय का काय.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून कपाटात ठेवला आहे. दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी देणार. अठ्ठावीस वर्षे आवडीने शिकवले; पण बाटलीचे ते सोंग पुन्हा जमणार नाही. तू याच विषयातली फिजिओथेरपिस्ट. यावर काही उपाय आहे, की वयच झाले? तुझ्या आईला कळवू नकोस.

लावलेला जीव असाच राहू दे.

तुझी,
कालिंदीमावशी

कोल्हापूर, २६ जून २०२५

ती. सौ. मावशीस शि. सा. न. वि. वि.

आईला कळणार नाही. आणि वयावर सारे ढकलू नकोस. हे स्नायूंचे काम आहे, आणि स्नायू शिकतात!

ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते अशी कल्पना कर. मूत्राशय तिच्यावर विसावते. शिंकताना पोटातला दाब एकदम वाढतो. त्याच क्षणी झोळी आवळली गेली, तर लघवीची वाट बंद राहते. बाळंतपणाने किंवा पाळी गेल्यावर ती सैलावते, म्हणून गळती होते.

तर त्या स्नायूंवर ताकद लाव, पाच सेकंद धर, पूर्ण सैल सोड. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. पाणी तोडू नकोस. दाट लघवीने मूत्राशय अधिकच चिडते. आधी लघवी तपासून घे, जंतुसंसर्ग नाही ना ते पाहू. मला बारा आठवडे दे. तोवर अर्ज कपाटातच राहू दे.

अप्पांना नमस्कार. या धाकटीवरची माया कमी होऊ देऊ नये.

मधुवंती

मलकापूर, १० ऑगस्ट २०२५

चि. मधुवंतीस आशीर्वाद.

तपासणीत दोष निघाला नाही. सहा आठवडे एकही दिवस चुकवलेला नाही. आलेखाच्या कागदावर नोंद आहे. आलेख वर चढतो आहे, म्हणजे गळती वाढते आहे. आता जिना उतरतानाही होते.

कष्टात कसूर नाही. श्वास रोखून इतका जोर लावते, की चेहरा लाल होतो. यशराजच्या बाळंतपणाच्या वेळी विठाबाई सुईण उशाशी बसून लाव जोर, लाव जोर म्हणायची, तिची आठवण होते. अप्पा म्हणतात, बंद खोलीत ही कसले तप करते कुणास ठाऊक.

तुझी विद्या खरी असेल. माझ्या शरीराला ती लागू नाही. अर्जावर तारीख घालणार आहे. रागावू नकोस.

कालिंदीमावशी

कोल्हापूर, १४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. मावशीस शि. सा. न.

पत्र मिळताच हे लिहिते. व्यायाम आजच थांबव!

विठाबाईचे नाव वाचले आणि घोळ ध्यानात आला. तो जोर बाळ बाहेर ढकलण्याचा. तू सहा आठवडे झोळी खाली ढकलत होतीस. मला हवी होती वर उचललेली. चूक माझी. ताकद लाव एवढेच लिहिले; कोणत्या दिशेने, ते लिहिले नाही.

चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण आवळतो, तसे आत आणि वर. श्वास चालू, पोट आणि मांड्या सैल. पण आता पत्रावर विसंबायचे नाही. योग्य स्नायू हलतो का, हे हाताने तपासावे लागते. ज्या भाचीला न्हाऊ घातलेस तिच्यासमोर संकोच वाटेल, हे जाणते. इकडे कोल्हापूरला ये; माझी सहकारी वर्षाराणी तपासेल, मी बाहेर बसेन. बसच्या धक्क्यांचे भय वाटले तर वाटेत बांबवड्याला उतर, तिथून मी गाडीने आणते.

बारा आठवडे पुन्हा मोजायचे. दिवाळीनंतर शाळा उघडेपर्यंत नेमके पुरतात. तारीख घालू नकोस, मावशी.

मधुवंती

मलकापूर, १६ नोव्हेंबर २०२५

चि. मधुवंतीस अनेक आशीर्वाद.

सोमवारी शाळा उघडली. अर्ज पर्समध्ये होता. पहिलाच तास नववीचा. फळा पुसला आणि नाकात धूळ गेली. शिंक येण्याआधीचा तो क्षण इतका लांब असतो, हे कधी लक्षात आले नव्हते. वर्षाराणीने तपासून शिकवले तसे आत आणि वर आवळून धरले. शिंक आली. खाली पाहायचा धीर होईना. मग पाहिले. साडी कोरडी होती.

अजून सारे संपलेले नाही. काल बस खड्ड्यात आदळली तेव्हा थेंबभर झालेच. आलेख मात्र उतरतो आहे. अप्पांना सांगून टाकले. ते म्हणाले, वर्षभर एकटीच होतीस की. मधल्या सुट्टीपर्यंत बाटली संपलेली पाहून धोंडुबाई म्हणाली, सुटला एकदाचा बाईंचा उपास.

वर्षाराणीला आशीर्वाद सांग. येत जा, आणि माया ठेव.

तुझी,
कालिंदीमावशी

ता. क. घरात दुसरा कागद नव्हता असे नाही. हे पत्र उलटून पाहिलेस, तर मुख्याध्यापकांना लिहिलेला अर्ज दिसेल. तारखेची जागा कोरी आहे.