बंबाशेजारची हवा

१ डिसेंबर, सकाळी ९
पुण्याहून शिवकुमारनं हवा मोजायचं मशीन पाठवलं. डब्याएवढं, पांढरं. आकडा इथं दिसतो अन् तिकडं पोराच्या मोबाइलवरही. नात ऋतुजाला दमा. डॉक्टर म्हणाले, आकडा शंभराच्या आत राहिला तरच नाताळच्या सुट्टीत गंगाखेडला न्या. मागच्या हिवाळ्यात लेकरू आलंच नाही. यंदा येणार, मी शब्द दिलाय. मशीन परसात बंबाशेजारी लावलं. प्लग तिथंच आहे.

२ डिसेंबर, सकाळी ७
आकडा २६०. अंघोळीचं पाणी तापेस्तोवर समोर बसून बघत होतो. डोळ्यांतून पाणी आलं. आपल्या गावाची ही दशा.
संकल्प: चोवीस तारखेच्या आत गंगाखेडची हवा शुद्ध करणे.

४ डिसेंबर
शुद्ध हवा समिती स्थापन. अध्यक्ष मी, बिनविरोध. सदस्य शेजारचे मुंजाजी आणि ऊसवाले भागवत. थंडी लय, म्हणून बैठक परसातल्या शेकोटीभोवती. पऱ्हाट्या ओल्या निघाल्या. मुंजाजींनी सायकलचा जुना टायर टाकला, मग झकास पेटली. ठराव: उसाचं पाचट कोणी जाळायचं नाही. भागवत म्हणाले, शेठ, मी औंदा काडी लावलीच न्हाई, सगळ्या पाचटाची कुट्टी केली. विनयानं बोलत असावेत.
बैठक संपताना आकडा ३१०. समितीची किती गरज होती ते कळलं. बैठक रोज भरवायची.
हिनं चहा देताना विचारलं, अहो, हा धूर कुठून यायलाय म्हणता? शिवारातून, म्हणालो. नाकाला पदर लावून आत गेली. चन्नबसम्माला सार्वजनिक कामाची आवड पहिल्यापासून नाही.

८ डिसेंबर
शिवकुमारचा फोन. अप्पा, सकाळी सहा ते आठ अन् संध्याकाळी सात ते नऊ एवढाच आकडा चढतो, बाकी दिवसभर साठ. म्हणजे पाचट जाळणारे टाइमटेबल पाळतात. पोरगा इंजिनियर, पण एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही. वर म्हणतो, गिझर बसवू का? साफ नकार दिला. गिझरच्या पाण्याला धग नसते, नुसतं अंगावरून वाहून जातं. त्या पाण्यानं मी कधी अंघोळ केली नाही, करायची गरजही नाही. ज्याला कळतं त्याला कळतं.

११ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०
गच्चीवर पहारा. चारी दिशा न्याहाळल्या. आपल्या परसातली शेकोटी सोडली तर कुठंच धूर नाही. जाळणारे फार हुशार आहेत.

१५ डिसेंबर
नांदेडला लग्नाला आलोय दोन दिवस. हिला फोन केला. आकडा ५८. समितीचा धाक बसला.

१७ डिसेंबर
परत आलो. आकडा २७०. अध्यक्ष आल्यावर धाक वाढायला पाहिजे होता.

१९ डिसेंबर
ही फोनवर शिवकुमारला मोठ्यानं म्हणाली, म्हणजे मला ऐकू जावं म्हणून, एक तर पोरगी या घरात येईल, न्हाई तर यांचा बंब राहील. शिवकुमार स्पीकरवर चाचरत म्हणाला, नाही तर अप्पांनी आठ दिवस सुलाआत्याकडं पालमला जावं.
बंबाविना मी राहू शकत नाही. पण लेकरू दोन वर्षांनी येणार. निघतो म्हणालो. शब्द पाळणारा माणूस असा असतो. समितीला कळवलं, अध्यक्ष दौऱ्यावर. मुंजाजींनी विचारलं, मग आता शेकोटी कुठं?

२४ डिसेंबर, पालम
काल संध्याकाळी पोचलो. बहिणीच्या हाताला चव आहे अन् कामात शिस्तही. सकाळी उठलो तर कढत पाण्याची बादली भरून तयार. अंग कसं हलकं झालं. असली धग घरच्या बंबालाच. पालमनं जुनं वळण सोडलं नाही.

२६ डिसेंबर
ऋतुजाचा व्हिडिओ कॉल. परसात पळत पळत बोलत होती, एकदाही दम लागला नाही. आकडा ५५. आजोबा, मी आले अन् तुम्ही का गेलात? म्हणालो, समितीचं काम निघालं. अजून किती दिवस? तर म्हणालो, काम मोठं आहे. फोन ठेवला. पालमला थंडी जास्तच. नाक सारखं वाहायलंय.

२७ डिसेंबर, सकाळी ८
सुलाबाई म्हणाली, अण्णा, अंघोळ झाली की बटन बंद करत जा की. कसलं बटन? गिझरचं. चार वर्षं झाली बसवून.
चार दिवस झाले मी गिझरच्या पाण्यानं अंघोळ करतोय. सुलाबाईला म्हणालो, हे आपल्या दोघांतच राहू दे. ती म्हणाली, वहिनीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

दुपारी १२
घरी फोन लावला. मोठ्या मनानं सांगितलं, बसवा गिझर, माझी परवानगी आहे. ही म्हणाली, तुमी स्टँडवर पोचला नसाल तेव्हाच बसवला. बंबात ऋतुजानं जास्वंद लावली.
म्हणालो, उद्या सकाळच्या एसटीनं निघतो. ही म्हणाली, या की, पोरगी वाट बघायलीय. पण गिझर लहान हाय, चौघांना पाणी पुरत न्हाई. अंघोळ तिकडूनच करून या.