न थांबण्याचा सराव

९ ऑक्टोबर

"मादाम ओदिल, तुम्ही तिला वाचवताय." रिंदालाने आज सगळ्यांसमोर सुनावलं. जणू मी कुणाच्या पर्समध्ये हात घालताना सापडले.

हो, वाचवते! बैरूतच्या नाचाच्या वर्गांत चौतीस वर्षं पियानोशी बसून मी दुसरं काय केलं? कुणाची गिरकी लांबली तर एक सूर जरा जास्त धरायचा. कुणाची उडी लवकर खाली आली तर एक सूर गिळून टाकायचा. शिकवणाऱ्या बाईंनाही कधी पत्ता लागला नाही. मी वाजवत असताना एकही मुलगी पडली नाही. निवृत्तीच्या दिवशी मला एक कुरूप फुलदाणी मिळाली. पोरी पडल्या नाहीत, हे मात्र कुणी भाषणात बोललं नाही.

आणि रिंदालाला नेमकं पडणंच हवंय. ब्रसेल्सला नाच शिकून आलीय, हा नाच तिनेच बसवलाय. गोष्ट नाही, पोशाख नाही, आमची नाचणारी तालार एकटीच पस्तीस मिनिटं हलत राहते. शेवटी माझ्या डाव्या हाताचा सगळ्यात खालचा जाड सूर येतो, त्यावर ती कोसळते. पुढे तीन मिनिटं मी वाजवत राहायचं — कुणी पडलंच नाही अशा थाटात. ती तशीच पडून राहणार. मग अंधार.

"संगीताने तिची काळजी करायची नाही, मादाम. तेच तर दाखवायचंय."

माझे हात दर वेळी थबकतात. अर्धा श्वास. आज चार वेळा केलं, चारही वेळा.

११ ऑक्टोबर

आज सहा वेळा. सहाही वेळा थबकले.

१५ ऑक्टोबर

रिंदालाने पियानोच फिरवला. आता माझी पाठ नाचाकडे, तोंड भिंतीकडे. "दिसलं नाही तर थांबणार नाही." कॉन्व्हेंटात सिस्टर क्लेमांस मस्तीखोर पोरींना असं भिंतीकडे तोंड करून बसवायची. तेव्हा वय वर्षं सात. आता मी एकाहत्तर.

आणि मूर्ख पोरीला वाटतं मी डोळ्यांनी बघते. लाकडी जमिनीवर नाचणारीचे पाय ऐकू येतात! टाच, चवडा, दमली की जरा घासत येणारं पाऊल. तालारचं डावं पाऊल तर मी झोपेतही ओळखेन. आठ वर्षांची असताना बुर्ज हम्मूदच्या वस्तीतून आईचं बोट धरून मी वाजवायचे त्या वर्गात आली होती, मोजे घोट्यावर गोळा झालेले.

अर्थात आजही थबकले.

२२ ऑक्टोबर

आज कळलं. वाएलने — तो मशीनवाला, जो माझेच सूर पकडून मागून कुजबुजल्यासारखे सोडतो — मला गेल्या आठवड्यात एकटीलाच वाजवायला लावलं होतं. "मशीन तपासायचंय, मादाम." तालार तेव्हा आलेलीसुद्धा नव्हती. कुणी पडणारच नाही तर थांबणार कोण? सगळं सलग वाजवलं. त्याने ते टिपून ठेवलं.

आता प्रयोगाला तेच लावणार. मी पहिल्या रांगेत बसायचं म्हणे.

"पोस्टरवर तुमचं नाव सगळ्यात मोठं असेल," रिंदाला म्हणाली.

"मी पोस्टरवर वाजवत नाही."

"मादाम, हा तुमच्याविरुद्ध निर्णय नाहीये."

"मग कुणाविरुद्ध आहे? त्या स्टुलाविरुद्ध?"

वाएल हसला आणि लगेच खोकला. मी त्याला म्हटलं, हस बाबा, तुझ्या मशीनला हसता येत नाही, निदान तू तरी हस.

घरी येऊन रागारागाने अख्खी ताटली मिठाई खाल्ली. साखर वाढली असणार. वाढू दे.

२३ ऑक्टोबर

सकाळी नऊ वाजता जाऊन स्टुलावर बसले. रिंदाला अकराला आली. "उठा ना, मादाम." नाही उठले. शेवटी तह झाला — प्रयोगाच्या आदल्या दिवशी, आठ नोव्हेंबरला, एकच तालीम. थबकले तर मशीन. नाही थबकले तर मी.

म्हाताऱ्या बायकांसारखी माझी समजूत घालून मला घरी पाठवता येणार नाही, एवढं तरी तिला समजलं.

२६ ऑक्टोबर

सराव घरीच. मार्सेलला — माझी थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत — खुर्चीवर बसवलं, हातात मसूर डाळीची पाच किलोची पिशवी दिली. तो जाड सूर आला की माझ्या पाठीमागे पिशवी धाडकन खाली टाकायची. मी थांबायचं नाही.

पहिल्यांदा टाकली, मी थांबले. "ओदिल, ही डाळ आहे," मार्सेल म्हणाली. "हिला लागत नाही."

खालच्या मजल्यावरची बाई वर आली. काय चाललंय म्हणून विचारायला. मार्सेलने तिला सांगितलं, "माझी बहीण निर्दय व्हायला शिकतेय. कॉफी घेणार?"

१ नोव्हेंबर

सगळ्या संतांचा दिवस. चर्च, मग डाळ. वीसपैकी अकरा वेळा थांबले नाही.

४ नोव्हेंबर

पिशवी फुटली. सोफ्याखाली, पियानोच्या पेडलमध्ये, सगळीकडे मसूर. मी मात्र वाजवत होते! मार्सेल ओरडत होती, "आता तरी थांब, बये!" नाही थांबले. शेवटच्या सुरापर्यंत गेले आणि मग केरसुणी आणली.

८ नोव्हेंबर

जमलं.

जाड सूर. मागे तालार कोसळली — खांदा, कंबर, तळवा, नेहमीच्याच क्रमाने — आणि माझे हात पुढे गेले. तीन मिनिटं. मान ताठ. मग वाएलने मशीनची वायर उपटून माझ्यासमोर गुंडाळली आणि खिशात टाकली. पोरगा वाईट नाही.

रिंदालाने माझा हात धरला. "आता तुम्ही तिला पडू दिलंत." मी म्हटलं, "तू मागितलंस, तुला मिळालं. आता त्यावर भाषण नको."

तालार मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. वाटेत संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं.

"मादाम, खरं सांगू? तुम्ही थबकायचात ना, मला ते आवडायचं. लहानपणापासून. तुम्ही वाजवताना मला पडायची भीतीच वाटली नाही कधी."

"सवय सोड," मी म्हटलं. "मी सोडली."

९ नोव्हेंबर

आज प्रयोग. बंदराजवळच्या करांतिनातल्या गोदामात दोनशे माणसं. माझा जुना काळा ड्रेस, आईचा ब्रोच. मार्सेल पहिल्या रांगेत, माझ्यासाठी राखलेल्या खुर्चीवर — फुकट कशाला जाऊ द्यायची!

नाही थांबले. एका क्षणासाठीसुद्धा नाही. तालार कोसळली आणि लोकांचा श्वास अडकला, तो मला पाठीवर जाणवला. तीन मिनिटं वाजवलं, भिंतीकडे तोंड करून, एकेक सूर स्वच्छ. अंधार. मग लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. रिंदाला रडत होती. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पायांमागे चालले, आज पहिल्यांदा माझ्या चालीने चालले. म्हातारीला पहिल्या रांगेत बसवणार होते!

दिवे लागले तेव्हा तालार उठलेली नव्हती. लोकांना वाटलं, तेही नाचातलंच.

१० नोव्हेंबर

तालारचा घोटा दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणतात, ती पुन्हा नाचेल असं सांगता येत नाही.

हॉस्पिटलात मी तिला म्हटलं, "अगं, हाक का नाही मारलीस?" ती म्हणाली, "पडल्या पडल्या मी ठरवलं होतं, मादाम थांबल्या की ओरडायचं."

मी तिला सांगितलं, तुझ्याकडे पाठ होती गं माझी, मला कळलंच नाही.

जाड सुराच्या चार मात्रा आधी पडली होती ती. आधी टाच घसरली, मग पडली. मला कळलं होतं.