भूल उतरल्यानंतर

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी गेल्या आठवड्यात मी मनातल्या मनात तुमच्याशी इतकं बोलले, की शेवटी कागद घेऊन बसले. माझ्या धाकट्या भावाच्या पित्ताशयात खडे झाले होते. तो गडहिंग्लजकडे असतो, म्हशी आहेत, डेअरीला दूध घालतो. मागे एकदा मोठी कावीळ झालेली, तेव्हापासून यकृत अशक्तच. शाहूपुरीतल्या ज्या दवाखान्यात मी भूल द्यायला जाते, तिथंच ऑपरेशन ठरलं. घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये, हे तुमचंच सांगणं. पण तो हटून बसला. “आक्का, भूल तूच दे. दुसऱ्याच्या हातनं मी झोपणार न्हाय.” मी दिली.

ऑपरेशन नीट झालं. नंतर दुखू नये म्हणून मॉर्फिन चालू ठेवलं, तेही बेतानं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढते तोच भावजय समोर येते. “वन्सं, हाक मारली तरी डोळं उघडंनात. आन् उघडलं तर पिवळं दिसत्यात.” मी आत धावते. श्वास संथ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मॉर्फिन जास्त झालं की होतात तशा. रक्ताचा रिपोर्ट येतो, त्यात यकृताचं सगळंच चढलेलं. सर्जन म्हणतात, “होतं असं, बघू.” मी मात्र एकेक कारण मोजायला लागते. दमलेल्या यकृताकडून मॉर्फिनचा निचरा होत नाही, ते अंगात साठत जातं. शिवाय तेच औषध पित्तनलिकेचं तोंड आवळतं आणि पित्त मागं तुंबतं. की एखादा खडा नलिकेत घसरलाय? की ऑपरेशनमध्ये मध्येच बीपी उतरलं होतं, त्याचा हा फटका? बाहेरून सगळं सारखंच दिसतं. भावजय दारातून विचारते, “औषध तुमीच दिलतासा न्हवं?”

तेव्हा तुमचा आवाज कानात आला. तुमच्या हाताखाली शिकत असताना एकदा पेशंटनं डोळे उघडून नाव सांगितलं म्हणून मी त्याला वॉर्डात पाठवायला निघाले होते. सगळ्यांसमोर तुम्ही कडाडलात, “डोळं उघडलं म्हंजे झालं व्हय गं? औषध अजून अंगात हाय. त्याचं यकृत ते कवा बाहेर काढणार, इचार केलास का?” मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. तुम्ही मागून आलात, स्वतःचा डबा माझ्यापुढं ठेवलात. “आधी खा. मग रड.”

मी मॉर्फिन बंद केलं, त्याचा उतारा थोडा थोडा देत गेले, ऑक्सिजन लावला आणि त्याच्या उशाशी बसून राहिले. सोनोग्राफीत नलिका मोकळी निघाली. दुपारी त्यानं डोळे उघडले. “आक्का, म्हशींची धार कुणी काढली?” भावजय हसता हसता रडायला लागली. हळूहळू डोळ्यांतला पिवळेपणा गेला, रिपोर्ट खाली आले, काल तो घरी गेला. माझ्या औषधानंच झालं का, हे खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही असतात तर तुम्हीही बहुतेक “ठाऊक न्हाय” म्हणाला असतात, पण तुमच्या तोंडून ते ऐकायला बरं वाटलं असतं.

हा कागद मी कुठंच पाठवणार नाही. त्या सकाळी भावजयीचा हात धरून मी म्हणाले होते, “घाबरू नकोस, मी आहे ना.” तिचा हात कोरडा होता, मॅडम. घाम माझ्याच हाताला फुटला होता.