मशीन बंद करू नये

४ नोव्हेंबर
निर्णय झाला. चिमणीच्या नाचाला संगीत मी देणार. नऊ वर्षांची पोर पहिल्यांदाच स्टेजवर एकटी नाचणार, आणि बाप काय मोबाइलवरचं गाणं लावणार? तिला सांगितलं तर म्हणाली, बाबा, नक्की होईल ना? मी म्हटलं, मुलगी कोणाची आहेस! बायको म्हणाली, तेच तर. दुर्लक्ष केलं.

५ नोव्हेंबर
माळ्यावरून जुना सिक्वेन्सर काढला. वय माझ्याएवढं, प्रकृती माझ्याहून बरी. सुरांची ओळ एकदा भरून दिली की न थकता, न कुरकुरता वाजवत राहतो. घरात असं दुसरं कोणी नाही. त्याला प्रत्यक्ष आवाज काढणारे दोन जुन्या पद्धतीचे ॲनालॉग सिंथेसायझर जोडले आणि सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. आता ताट मांडीवर घेऊन जेवायचं. त्यातही एक मजा असते, असं मी सगळ्यांना सांगितलं. कोणाला दिसली नाही.

७ नोव्हेंबर
दिवसभर सूर भरले. अप्रतिम! संध्याकाळी बायकोने इस्त्री लावली, फ्यूज उडाला, सगळं पुसलं गेलं. मशीनच्या आतली बॅटरी कधीच मेली आहे, त्यामुळे वीज गेली की याची आठवणही जाते. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, घेऊन या, अर्ध्या तासात नवी टाकतो. स्वच्छ नकार दिला. आतला स्क्रूसुद्धा मूळचा आहे, आणि मी त्यात बाजारातली बॅटरी कोंबू? त्याने फोन ठेवला. रसिकता दुकानात मिळत नाही, हेच खरं.

८ नोव्हेंबर
उपाय सापडला. अगदी सोपा. मशीन बंदच करायचं नाही! कार्यक्रमापर्यंत अखंड चालू. स्विचवर चिकटपट्टी लावली. वर पाटी : बंद करणाऱ्याशी मी बोलणार नाही. बायकोने विचारलं, नक्की ना?
घरात इस्त्रीबंदी जाहीर.

१० नोव्हेंबर
सूर पुन्हा भरले. आधीपेक्षा सरस. म्हणजे बायकोने केलेली चूक इष्टापत्तीच ठरली. तिला मोठ्या मनाने तसं सांगितलं. तिने भांडी जरा जोरात ठेवली.

१३ नोव्हेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्या शर्टाकडे बघत हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, संगीत चालू आहे. त्यांनी मला पाणी दिलं आणि लवकर घरी जा म्हणाले. कलेची कदर असलेला माणूस.

१५ नोव्हेंबर
चिमणीचा सराव. मध्येच थांबली. म्हणाली, बाबा, सूर बदलतोय. आता ॲनालॉग सिंथ तापला की सूर थोडा सरकतो. तोच तर त्याचा जिवंतपणा! मी म्हटलं, तूही थोडी सरक. रडायला लागली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं सरकलो.
मग नाचाच्या बाईंचा फोन. निदान रेकॉर्ड तरी करून द्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, रेकॉर्डिंग म्हणजे शिळं अन्न, आमच्याकडे सगळं ताजं. त्या म्हणाल्या, बरं, मी एक गाणं जवळ ठेवते. भित्र्या आहेत.

१८ नोव्हेंबर
उद्या! मशीन डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. पाहुणे आले, झाडू फिरला, मांजर टेबलावर चढलं, पण स्विचला कोणाची बोटं लागू दिली नाहीत. झोपताना चिमणीने विचारलं, विसरणार नाही ना ते? मी म्हटलं, मी असताना? शक्यच नाही.

१९ नोव्हेंबर, दुपारी ४
टॅक्सी खाली उभी. वायरी गुंडाळल्या. मेहुणा मदतीला आलाय. म्हणाला, दाजी, प्लग काढू का? झापला त्याला. एवढ्या नाजूक कामाला परका हात नको. मी स्वतःच्या हाताने हळुवार काढला.

लगेच नंतर
अरे देवा.

टॅक्सीत
घाबरण्यासारखं काही नाही. सगळे सूर डोक्यात आहेत. हॉलवर पोचलो की भरायचे, झालं. मेहुणा पुढच्या सीटवर तोंड दाबून बसलाय. त्याला टॅक्सी लागत असावी.

२० नोव्हेंबर
काल स्टेजमागे जमिनीवर बसून सूर भरत होतो. पडद्यापलीकडे काहीतरी वाजायला लागलं, व्यत्यय नको म्हणून मी हेडफोन घट्ट दाबले. शेवटचा सूर बसला. बाईंना खूण करायला उठलो, हेडफोन काढले, तर टाळ्याच टाळ्या. पडदा सरकवून पाहिलं. चिमणी वाकून नमस्कार करत होती. बाईंनी त्यांच्याजवळचं गाणं लावलं होतं आणि नाच संपला होता.

येताना ती मला चिकटून बसली. म्हणाली, बाबा, तुला सगळ्यात काय आवडलं? मी म्हटलं, शेवटची गिरकी. ती जरा बाजूला सरकली. मग म्हणाली, तेव्हा तर मी पडले. उठून परत घेतली, म्हणून तर एवढ्या टाळ्या. तू पाहिलंच नाहीस?

अख्ख्या हॉलने पाहिलं. मेहुण्यानेसुद्धा. फार वाईट वाटतंय.