पिंपावरचा हात

पोर्टलंड, १४ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या बाबांना,

"हवेला पत्ता लागू न देता बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात हलवायची," असं तुम्ही मला दुलुथच्या आपल्या तळघरात सांगितलंत, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काल मी माझी पहिली बिअर तशीच हलवली. आंबवायच्या भांड्यातून नळीने थेट पिंपात, कुठे खळखळ नाही.

पोलादी पिंपात बिअर कुठवर आली ते दिसत नाही, म्हणून तुमच्यासारखीच बाहेरून तळहात लावून बसले. गारवा हळूहळू वर चढत होता. तुमचा जावई दारातून विचारतो, "काय गं, ताप उतरला का त्याचा?" मी हसत सुटले, हात निघाला, पिंप भरल्याचं कळलंच नाही आणि वरच्या झडपेतून फेस उडाला तो थेट त्याच्या मोज्यांवर! अजून घरभर पावासारखा वास आहे.

आम्ही मजेत आहोत. आपली मांजर पिप्सा अजून शेगडीपाशीच झोपते का? अंगणातला बर्फ कोण काढतं?

अर्धांगाच्या झटक्यानंतर उजव्या हाताला गार-गरम कळत नाही, पण डावा आहे की, असं तुम्ही फोनवर म्हणालात. बाबा, डाव्या हाताने नळी धरायची असते, हे तुम्हीच शिकवलंत.

मार्चमध्ये तुमची आंबायला ठेवलेली बिअर तयार होईल, तेव्हा मी येतेच आहे. तोवर ते जड भांडं एकट्याने हलवू नका. तुम्ही "हट्!" म्हणणार, मला ठाऊक आहे. तरी माझ्या हातासाठी थांबाल का?

तुमची,
आयला