चौथं कलम

॥ श्री ॥
भोपाळ, १८ नोव्हेंबर १९५६

चि. महिपत यास ताईचे अ. उ. आ.

राजधानीपाठोपाठ पक्षाची कचेरीही भोपाळला हलली आणि तिच्या पेट्यांबरोबर मीही. उमेदवार निवडायच्या समितीवर मला घेतलं आहे हे कळल्यापासून तुझी आठवड्याला दोन पत्रं येतात. एरवी भाऊबीजेलाही चार ओळी तुला जड होतात.

तुझा अर्ज पाहिला. खादी वापरतो, दारू पीत नाही, शिवाशिव पाळत नाही, तिन्ही कलमांवर सही ठोकली आहेस. मी समितीपुढे चौथं कलम मांडलं आहे. मूल किती आणि केव्हा, हा निर्णय बाईचाही आहे असं उमेदवाराने मानावं आणि सरकारी दवाखान्यांत संततिनियमनाच्या सोयीसाठी झटावं. जो मानणार नाही त्याला तिकीट नाही.

आता घरचं. पद्माच्या सहाव्या बाळंतपणात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणखी एक मूल म्हणजे तिच्या जिवाशी खेळ, असं कंपू भागातल्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तुला बजावलं होतं. ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याची सही लागते, आणि तो कागद जूनपासून तुझ्याकडे पडून आहे. अर्जावर तीन सह्या करणाऱ्या हाताला चौथी का होत नाही, ते उलट टपाली कळव.

मुलांना पापे.

तुझी ताई

॥ श्री ॥
ग्वाल्हेर, २६ नोव्हेंबर १९५६

ती. शालिनीताईच्या चरणी महिपतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घास गोड लागला नाही. तुझ्या कलमाची बातमी इथे आधीच पोचली आहे. स्टेशनाकडच्या पडाव मोहल्ल्यात टांगेवाल्यांच्या सभेत एकाने मला ‘बच्चा-बंद पार्टी के नेताजी’ म्हणून हाक मारली आणि सारे खदखदून हसले. भोपाळात बसून कलमं मांडायला तुझं काय जातं? मतं मला मागायची आहेत. पक्षाने लोकांच्या माजघरात डोकावू नये. सक्तीने कुणाचं मन बदलत नाही, हे तूच आम्हांला शिकवायचीस. कलम मागे घे, नाहीतर आपल्या खासगी बाजार मोहल्ल्यात मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

कागदाचं निवडणुकीनंतर बघू. असल्या गोष्टी दवाखान्यातून बाहेर फुटतात. शिवाय आता घाई उरलेली नाही. पद्माला पुन्हा दिवस गेले आहेत, तिसरा महिना चालू आहे. ती माझ्या शब्दाबाहेर नाही, तेव्हा तिची काळजी नसावी.

थोरल्या बहिणीचा हात डोक्यावर असू द्यावा.

महिपत

भोपाळ, ५ डिसेंबर १९५६

महिपत,

आशीर्वाद आज लिहवत नाही.

‘घाई उरलेली नाही’ हे वाक्य मी चार वेळा वाचलं. बायकोचा जीव टांगणीला लावायचा आणि वर तिची काळजी नसावी असं लिहायचं, तुला लाज कशी वाटली नाही? पेल्यात काय आहे आणि अंगावरचं धोतर कुठल्या सुताचं आहे, हे पक्षाने विचारलेलं तुला चालतं. बाई मरते तेवढं माजघरातलं!

तुला आनंद होईल, कलम काल पडलं. नऊ विरुद्ध दोन. नवांपैकी एकानेही ते चूक आहे असं म्हटलं नाही, सगळे म्हणाले की ही वेळ नव्हे. तुला तिकीट मिळालं. मी तुझ्याविरुद्ध मत दिलं, हे दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. हे पत्र तू पद्माला दाखवणार नाहीस, म्हणून तिला वेगळं लिहिते आहे.

शालिनी

॥ श्री ॥
ग्वाल्हेर, १८ जानेवारी १९५७

ती. वन्संना पद्माचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण मला राग यायलाच वेळ लागला. सोळा वर्षांत ती सवयच नव्हती.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू दणक्यात करा, असं ह्यांनी सांगितलं. लुटायला शंभर कंगवे आणले आणि वाण हातात देताना मत कसं मागायचं ते मला पढवलं. मी कंगवे दिले, तिळगूळ दिला आणि मत मागायच्या जागी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं, पडून राहिलेल्या कागदासकट. मग शेजारच्या शामलाने स्वतःचं सांगितलं, तिच्यामागून आणखी दोघींनी.

शेवटी हे दाराशी हात जोडायला आले. आमच्या गल्लीत वयाने सगळ्यांत मोठ्या उषाताई. त्यांनी विचारलं, कागदावर सही केलीत का? हे म्हणाले, ती घरातली गोष्ट आहे. त्यावर उषाताई म्हणाल्या की मग मतसुद्धा आम्ही घरातच ठरवू. त्यांनी आपला कंगवा माझ्या ताटात परत ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनी ठेवले. हळदीकुंकवाचं वाण परत केलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सही त्याच संध्याकाळी झाली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कागद कंपूत देऊन आले. बाळंतपण तिथेच होईल आणि लगोलग ऑपरेशनही. यातून मी निभावेन अशी हमी डॉक्टरीणबाई देत नाहीत. निभावले तर मात्र पुन्हा हा प्रसंग नाही.

हे माझ्याशी धड बोलत नाहीत. सही त्यांनी मतांसाठी केली, माझ्यासाठी नाही, एवढं मला कळतं. सक्तीने मन बदलत नाही, असं येताजाता ऐकवतात. वन्सं, मला त्यांचं मन नको होतं, सही हवी होती. ती जूनमध्ये मिळाली असती तर आज मला मरणाची भीती वाटली नसती. तुमच्या समितीतल्या त्या नऊ जणांना एवढं कळवा.

तुमचा लोभ आजवर होताच, मे महिन्यापर्यंत तो जरा जास्त लागेल.

आपली,
पद्मा