दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

शुगर लँड, टेक्सस
१६ मार्च १९८६

प्रिय गिरीशभावजींस,
मृणालिनीचा नमस्कार. पत्र बघून दचकू नका, इकडे सगळ्यांच्या प्रकृती बऱ्या आहेत. फोन न करता लिहितेय, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि तुमचे दादा हल्ली दिवसभर घरातच असतात. मी लायब्ररीत कामावर असते, तिथल्या लंच ब्रेकमध्ये हे लिहितेय. लिहिणार आहे हे त्यांना सांगितलंय. काय हवं ते लिही, म्हणाले.

त्यांनी तुम्हाला 'कंपनीत फेरबदल चाललेत' एवढंच सांगितलं असेल. खरं असं की तेलाचे भाव कोसळले आणि फेब्रुवारीत त्यांचं अख्खं डिपार्टमेंट बंद झालं. आमच्या गल्लीत सकाळी गाड्या निघायच्या, आता निम्म्या जागच्या हलत नाहीत. हे रोज दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि गॅरेजमध्ये जाऊन बसतात. तिथे तो जुना रेकॉर्ड प्लेअर आहे.

आणि नेमक्या अशा वेळी तुमचा अंक आला. 'आयर्न फेरी' बँडच्या चाहत्यांसाठी तुम्ही पदरमोड करून झेरॉक्स अंक काढता, त्याचं मला कौतुकच आहे. पण 'एलेन्स कोट' या गाण्यावर दोन पानं टिंगल? 'सहा मिनिटं एक माणूस बस स्टॉपवर उभा राहून कोटाबद्दल रडतो, तोवर प्रेक्षक बिअर आणायला जातात' हे वाक्य सीमाने मोठ्याने वाचलं. ती अकरा वर्षांची, तिला ते फनी वाटलं. हे मात्र संध्याकाळी टाइपरायटर काढून तुम्हाला उत्तर लिहायला बसले. मी त्यांना महिन्याभरात इतक्या तावातावाने काही करताना पाहिलं नव्हतं, म्हणून अडवलं नाही.

माझं विचाराल तर मला ते गाणं जरा लांबलंय असंच वाटतं. पण तुमच्या दादांना ते आवडतं, आणि सध्या त्यांना आवडतं असं दुसरं काही उरलेलं नाही. तुमच्याकडे सनीव्हेलच्या बाजूला केमिकल इंजिनियरला काही काम असेल का? ते स्वतः धाकट्या भावाला विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते.

जेवणखाण वेळेवर करा. लोभ आहेच, एका गाण्यावरून तो आटू देऊ नका.
तुमची,
मृणालिनीवहिनी

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
२७ मार्च १९८६

ती. सौ. वहिनींस,
गिरीशचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं पत्र मिळालं आणि दादाचंही. तुमचं वाचून वाईट वाटलं, त्याचं वाचून राग आला. डिपार्टमेंट बंद झाल्याचं त्याने मला खरोखरच सांगितलं नव्हतं. माहीत असतं तर तो लेख या अंकात घेतला नसता, पुढच्या अंकात घेतला असता.

कारण मत बदललेलं नाही, वहिनी. 'आयर्न फेरी' म्हणजे गिटार. आयोवाला आम्ही बेसमेंटमध्ये राहायचो तेव्हा यांची पहिली रेकॉर्ड दादानेच आणली होती. वरच्या घरमालकीणबाई काठीने जमीन ठोकायच्या, आम्ही आवाज आणखी वाढवायचो. त्या बँडने चौथ्या एलपीच्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, पियानो लावून असं हळवं गाणं घालावं? रेडिओवर ते कधी वाजलं नाही. चाहत्यांचे मात्र दोन तट पडले, ते आजतागायत. एलेन ही त्या माणसाची मेलेली बायको की सोडून गेलेली, यावर ओहायोचे एक गृहस्थ मला दर महिन्याला लिहितात. मी लेख लिहिला तो हा घोळ एकदाचा संपवावा म्हणून. संपला नाही, पोस्टमन वैतागलाय.

दादाचं पत्र एक शब्दही न कापता छापतोय. त्यात एक वाक्य आहे : 'ज्याला थंडी वाजलेली नाही त्याने या गाण्याबद्दल बोलू नये.' हे मला लागलं. मी काय आयोवात पंखा लावून झोपत होतो? एकाच बर्फात राहिलो आम्ही.

कामाचं म्हणाल तर माझा मित्र कुमार एका कंपनीत आहे, ते कॉम्प्युटरच्या चिप बनवायची यंत्रं करतात. तिथे गॅसेस आणि ॲसिड समजणारी माणसं हवी आहेत. दादा त्यात हुशार आहे. कुमारचा नंबर सोबत पाठवतोय. दादाने फक्त फोन करायचा. राहायला माझं अपार्टमेंट आहेच.

सीमाला पापा. तुमचा लोभ माझ्यावर आहे, तसाच माझ्या मतांवरही थोडा असू द्यावा.
आपला,
गिरीश

शुगर लँड
११ मे १९८६

प्रिय गिरीशभावजींस,
नमस्कार. त्यांनी कुमारना फोन केला नाही. नंबर फ्रिजवर लावलाय, दूध काढताना रोज समोर येतो.

करणार होते, खरं सांगते. त्या आठवड्यात तुमचा नवा अंक आला. त्यांचं पत्र तुम्ही पूर्ण छापलंत, पण खाली बारीक अक्षरात संपादकाची टीप टाकलीत : 'पत्रलेखक संपादकाचे थोरले बंधू आहेत, थोरल्यांना हळवं होण्याची मुभा असते.' तुम्हाला गंमत वाटली असेल. एरवी यांनाही वाटली असती. अंक मिटून त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'त्याच्या घरात राहून काम शोधायचं नाही मला.' एवढंच. गेले पाच रविवार तुमचा फोन आला की मी घेते आणि ते आंघोळीला गेलेत असं सांगते. इतकी आंघोळ कोण करतं, हे तुम्हालाही कळत असणार.

इथे ठिकठिकाणी अर्ज टाकून झाले. एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले तर बाहेरच्या खुर्च्यांवर त्यांच्या जुन्या ऑफिसातली चार माणसं बसलेली. परत आल्यावर अर्ध्या ताटावरून उठले. सीमाने विचारलं, "इज बाबा मॅड ॲट मी?" मी तिला नाही म्हटलं, पण ती आता त्यांच्या गॅरेजमध्ये जात नाही.

तेव्हा ऐका. ऑगस्टमध्ये नेपरव्हिलला पद्मजाच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. तुमची मावसबहीण दोघा भावांना बोलावणार आणि तिला नाही म्हणायची दोघांचीही छाती नाही. तिनेच सांगितलं की त्याच वीकेंडला तिथून तासाभरावरच्या काउंटी फेअरमध्ये, म्हणजे तिथल्या जत्रेत, तुमचा तो बँड आहे. या आणि दादांना घेऊन जा. भांडायचं तर समोरासमोर भांडा. छापील भांडणात माणसाला मधेच चहा विचारता येत नाही.

या पत्रात टिंगल नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माया आहे म्हणूनच रागवते.
मृणालिनी

सनीव्हेल
२४ ऑगस्ट १९८६

ती. सौ. वहिनींस,
शिरसाष्टांग नमस्कार. वास्तुशांतीला तुम्ही बायकांच्या घोळक्यात होतात आणि दुसऱ्या दिवशी आपली विमानं वेगळी, त्यामुळे फेअरला काय झालं ते सांगायचं राहिलं. दादाने सांगितलं नसणार. म्हणून लिहितो.

जाताना गाडीत आम्ही रस्त्याबद्दल बोललो. पद्मजाच्या नवऱ्याच्या गाडीच्या एसीबद्दल बोललो. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, ऊन रणरणतं. स्टेज म्हणजे गुरांच्या प्रदर्शनाशेजारी एक मांडव. ज्या बँडसाठी आम्ही बर्फातून रात्रभर ड्राइव्ह केलं होतं, त्याच्यासमोर आता घडीच्या खुर्च्या आणि भाजलेली कणसं खाणारी माणसं. मूळच्या पाच जणांपैकी तिघंच उरलेत. वाजवलं मात्र छान. पहिल्या गाण्याला दादाचा पाय हलायला लागला आणि मला बरं वाटलं.

मग मागून कोणीतरी 'एलेन' म्हणून ओरडलं. लगेच दुसरीकडून हुर्यो. माझ्याच अंकाचे वाचक असावेत. निम्मे एलेन मागत होते, निम्मे त्यांना गप्प करत होते, आणि कणसं खाणारे दोघांकडे बघत होते. बँडने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, दुसरंच काहीतरी जोरात वाजवलं आणि कार्यक्रम संपवला.

मला वाटलं, जिंकलो. दादा उठला आणि सरळ स्टेजमागे गेला. मीही गेलो. तिथे बास वाजवणारा वॉल्ट व्हॅनजवळ वायरी गुंडाळत होता. टक्कल पडलंय, चष्मा लागलाय. दादाने त्याला विचारलं की ते गाणं तुम्ही का वाजवलं नाही. वॉल्टने वर न बघता उलट विचारलं, की तुला एवढं का हवंय?

आणि वहिनी, दादाने त्याला सांगितलं. इंग्रजीत, शांतपणे, रस्ता सांगावा तसं. तो एकोणसत्तर साली एकटा आयोवाला आला तेव्हा त्याच्याकडे थंडीचा कोट नव्हता. नागपूरहून आणलेला एक स्वेटर होता. डिसेंबरात घरमालकीणबाईंनी (त्याच, काठीने जमीन ठोकणाऱ्या) त्याला वर बोलावलं आणि वारलेल्या नवऱ्याचा ओव्हरकोट दिला. गुडघ्याखाली येणारा, बाह्यांत हात हरवणारा. तो घालून तीन हिवाळे हा बस स्टॉपवर उभा राहिला. लॅबमधली मुलं हसायची. घरी त्याने लिहिलं होतं की छान लोकरी कोट घेतलाय. मी येणार ठरल्यावर त्याने कॅफेटेरियात भांडी धुण्याचं काम धरलं, माझ्यासाठी नवा कोट घेतला, आणि मी पोचायच्या आधी तो जुना कोट वर नेऊन परत केला. माझ्या पत्रातून आईला काही कळू नये म्हणून.

मी शेजारीच उभा होतो. मला आठवतंय, विमानतळावर तो माझा कोट हातात धरून उभा होता, नवा, लेबल लावलेला. स्वतः मात्र दोन स्वेटर एकावर एक घालून. मी त्याला विचारलं होतं, तुझा कोट कुठाय. तो म्हणाला होता, आज गरम होतंय. जानेवारी होता तो.

वॉल्टने वायर खाली ठेवली. म्हणाला की लोकांना आवडतं नावडतं याचा काही संबंध नाही. ते गाणं पियानोवाल्याने लिहिलं होतं, तो दोन वर्षांपूर्वी बँड सोडून गेला, आणि पियानो वाजवणारं दुसरं कोणी मिळालं नाही. मी संपादक या नात्याने विचारून घेतलं, की एलेन बायको होती का, मेली का सोडून गेली? त्याला माहीत नव्हतं. पियानोवाल्याला कधी विचारलंच नाही, म्हणाला. मग त्याने दादाशी हस्तांदोलन केलं, माझ्याशीही केलं, आणि पुन्हा वायरी गुंडाळायला लागला. दोन अंक भरून आम्ही ज्यावर भांडलो, त्याचा निकाल हा असा.

परतताना मक्याची शेतं मागे पडली. मग विचारलं, मला का नाही कधी सांगितलंस? दादा म्हणाला, "सांगितलं असतं तर तू तो नवा कोट घातला नसतास."

मी गाडी चालवत होतो, ते बरं झालं. समोर बघावंच लागतं.

गाण्याबद्दल माझं मत तेच आहे. पण टीप मी मागे घेतली, त्याला तोंडी सांगितलं. आणि माझ्याकडे ये म्हणालो. तो म्हणाला, बघतो. तुम्ही तेवढा जोर लावा.
आपला, अजून तुमच्या लोभात असलेला,
गिरीश

शुगर लँड
७ सप्टेंबर १९८६

प्रिय गिरीशभावजींस,
नमस्कार. घाईत चार ओळी. जोर लावावा लागला नाही. सोमवारी सकाळी ह्यांनी कुमारना फोन केला. येत्या गुरुवारी इंटरव्ह्यू, बुधवारी संध्याकाळी विमान. कुठे राहणार विचारलं तर, 'गिरीशकडे, आणखी कुठे' असं मलाच वेड्यात काढून म्हणाले.

कोटाचं मलाही माहीत नव्हतं. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. तुमचं पत्र वाचल्यावर मी त्यांना काही विचारलं नाही. सीमाला मात्र सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि थोड्या वेळाने गॅरेजमध्ये जाऊन त्यांच्याशेजारी बसली. गृहपाठ घेऊन गेली होती, म्हणजे कारण हवं ना.

त्यांना सकाळी चहा लागतो, कॉफी चालत नाही. बाकी तुम्ही जाणताच. आमचं माणूस पाठवतेय, सांभाळा.
मृणालिनीवहिनी

सनीव्हेल
१६ नोव्हेंबर १९८६

प्रिय मृणाल,
तुला आणि सीमाला अनेक आशीर्वाद. फोनवर सगळं बोलणं होतं, पण तू म्हणालीस की एक तरी पत्र लिही, गिरीशला मिळतात तशी. म्हणून लिहितो.

काम जमतंय. माझा मॅनेजर माझ्याहून बराच लहान आहे, मला 'सर' म्हणतो आणि मग ओशाळतो. रिफायनरीत जे टाक्यांनी मोजायचो ते इथे थेंबांनी मोजतात. पहिले दोन आठवडे रात्री पुस्तक घेऊन बसलो, आता बसावं लागत नाही. जूनमध्ये सीमाची शाळा संपली की तुम्ही या. तिला आवडेल अशा शाळेजवळची दोन घरं गिरीशने बघून ठेवलीत. मला न विचारता बघितली, मीही रागावलो नाही.

त्याने मला बेडरूम दिलीय आणि स्वतः सोफ्यावर झोपतो. मी दोनदा वाद घातला, दोनदा हरलो. त्याच्या अंकात आता 'एलेन'वर एक ओळही येत नाही. ओहायोच्या गृहस्थांनी रागाने वर्गणी बंद केली.

रविवारी दुपारी मी ते गाणं लावतो. सुरुवातीला विचारलं होतं त्याला, चालेल ना. चालेल म्हणाला, प्लेअरची सुई स्वतःच्या हाताने पुसली, आणि बाल्कनीत जाऊन दार लोटून घेतलं. गाणं संपेपर्यंत तिथे उभा राहतो, खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघत. मग आत येऊन चहा टाकतो.

आज जेवण जड झालं होतं, मला खुर्चीतच डुलकी लागली. रेकॉर्ड लावायचं राहून गेलं. जाग आली तर बाल्कनीचं दार किलकिलं झालं होतं आणि गिरीश आत डोकावत होता.

"आज लावणार नाहीस का?" म्हणाला. "मी बाहेर थांबलोय."

उठलो आणि लावलं.

दोघींची वाट पाहतो. असाच जीव लावत राहा.
तुझा,
राजीव